दोन नंबरच्या टाकीतले ठोके

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

माझी मावसबहीण आभा करंजाड्यात राहते. हे घडलं ती कामाला होती त्या पनवेलजवळच्या छोट्या कारखान्यात. मागच्या फेब्रुवारीत, एका रविवारी. रात्रबित्र काही नव्हती हो. भर दुपार होती, बाहेर रखरखीत ऊन.

तिथे खोबरेल आणि साखरेपासून शाम्पूत घालायचा फेसाचा माल बनतो. ते काम एन्झाइम करतं. बारीक दाण्यांवर चिकटवलेलं एन्झाइम टाकीत घालायचं, दोन दिवस सगळं कोमट ठेवायचं, झालं. दाणे पुन्हा वापरतात. पण ते तळाच्या जाळीवर घट्ट बसतात, म्हणून टाकी रिकामी झाली की एक माणूस आत उतरून ते खरवडून काढतो.

धोका एकच. तेल खराब होऊ नये म्हणून टाकीत नायट्रोजन सोडलेला असतो. माणूस त्यात गुदमरतो, आणि त्याला कळतही नाही. म्हणून आधी ताजी हवा मारायची, प्राणवायूचा मीटर आत सोडून तपासायचं, आकडा आत उतरायच्या परवान्यावर लिहायचा. मगच माणूस आत.

आणि एक रीत. आतला माणूस मधूनमधून पत्र्यावर तीन ठोके देतो. बाहेरचा उलट तीन देतो. म्हणजे सगळं ठीक.

त्याआधीच्या डिसेंबरात दोन नंबरच्या टाकीत काशिरामचा जीव गेला. जुना ऑपरेटर, खाडीकाठचा कोळी.

हवा तपासून परवाना लिहिणं हे आभाचं काम. त्या दिवशी तिने हवा तपासलीच नव्हती. खुर्चीत बसून नेहमीचा आकडा लिहून टाकला आणि फोनवर बोलत राहिली.

कागद चोख होता. सगळ्यांनी हृदयविकार म्हणून विषय मिटवला. आभाने तोंड उघडलं नाही. नुसती आतल्या आत जळत राहिली.

आणि मालकांनी काशिरामच्या जागी कामावर घेतलं कोणाला? त्याच्याच मुलाला. शैलेशला.

त्या रविवारी त्याच टाकीत उतरायची पाळी त्याची होती.

"तू नको. मी उतरते," आभा म्हणाली.

शैलेश हसला. "तुमी? मॅडम, तुमाला झुरळाचं भ्या वाटतं! बाबाचंच काम हाय, जमंल मला."

या वेळी तिने स्वतः मीटर सोडला. चारदा. हवा उत्तम. नायट्रोजनचा कॉक बंद, कुलपाची किल्ली तिच्या खिशात. शैलेशच्या पट्ट्याला दोर, दोर चरखीवर, मीटर त्याच्या गळ्यात.

तो उतरला.

ठक ठक ठक.

तिने उत्तर दिलं.

पाच मिनिटं गेली…

ठक… ठक… ठक…

तिने पुन्हा उत्तर दिलं. लगेच परत तीन आले. सावकाश, दमल्यासारखे.

"काय रे, वर यायचंय का?"

"मी कुटं वाजवतोय, मॅडम?"

ती वाकली. शैलेशचे दोन्ही हात बादलीत होते.

आणि ठोके चालूच होते… त्याच्या पाठीमागून. खालून. जिथे काशिराम सापडला होता तिथून.



"वर ये! आत्ताच्या आत्ता!"

"दोन बादल्याच ऱ्हायल्यात…"

"पाया पडते रे तुझ्या, वर ये!"

ठोके वाढले. जोरात, पत्रा फाटेल असे.

मीटर तोवर गप्प होता. पण तिने वाट पाहिली नाही. चरखी धरली आणि एकटीने फिरवत सुटली. हातांची सालं निघाली. शैलेश अर्ध्यावर आला… आणि मीटर किंचाळला. त्याची मान लटकली.

"काशिरामदादा, सोडा त्याला!" ती रडत ओरडली. "चूक माझी आहे! मी तपासलं नव्हतं! पोराला सोडा हो!"

ठोके थांबले.

शैलेश वाचला. दोन मिनिटांनी डोळे उघडले त्याने. नायट्रोजन आला कुठून? कॉक बंदच होता. तीन इंजिनियर येऊन टाकी उलटीपालटी करून गेले, कुणाला काही सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी आभा त्यांच्या घरी गेली. काशिरामची बायको गुणाबाई ओट्यावर सुकट निवडत बसली होती. आभाने तिचे पाय धरले, सगळं सांगितलं. पोलिसांतही जाऊन सांगते म्हणाली.

गुणाबाईने सुपातली नजर वर केली नाही.

"मला ठाव हाय, बाय. त्यांनी सांगितलंय."

"कोणी?"

"शैलूच्या बापानं. परवा, शनिवारी येऊन गेले. म्हणाले, आदी पोराला वर काढतो."

तिने सुकटातली एक काडी उचलून बाजूला टाकली.

"मॅडमशी मागनं बोलतो, म्हणाले."

आभाने जबाब दिला. नोकरी सोडली. चौकशी नव्याने सुरू आहे. जी शिक्षा होईल ती घेईन म्हणते, तिची तिला भीती नाही.

पण चार महिने झाले, अजून तिच्याशी कुणी बोललेलं नाही. घरात एकटी असली की ती मला फोन लावते आणि काहीच बोलत नाही. मीही फोन ठेवत नाही.