सगळ्या लहरी एकदम कशा पोचल्या?

टक... टक... टक. दर ठोक्याला पडद्यावर एक उभी रेघ उमटत होती. आकाशातून हे कोण बोलत होतं?

पल्सार (गरगर फिरत ठरावीक वेळाने रेडिओलहरींचा झोत टाकणारा मृत तारा), मनवाला खात्री होती. अकरावीच्या सुट्टीत ती पठारावरच्या रेडिओ दुर्बिणीवर संशोधन शिकायला आली होती. बाबांनी निघतानाच बजावलं होतं, "काही शोधलंस तर खगोलशास्त्र. नाहीतर मुकाट्याने इंजिनिअरिंगचा क्लास." आज संध्याकाळी तिला या शोधाबद्दल सगळ्यांसमोर बोलायचं होतं. तारा सापडल्याचं तिने घरी कळवलंही होतं.

"मनवाताई, एक विचारू?" टिटवी म्हणाली. टिटवी म्हणजे दुर्बिणीवरचा यंत्रमानव.

"विचार, पण अभद्र बोलू नकोस."

"या ठोक्यात जास्त आणि कमी वारंवारतेच्या (सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या) लहरी आहेत. आधी कोण पोचलं?"

"सगळ्या एकदमच. रेघ बघ ना, वर जास्त वारंवारता, खाली कमी, आणि कशी ताठ उभी!"

"शाळेच्या मॅरेथॉनमध्ये शिट्टी वाजते तेव्हा मुलं कशी असतात?"

"एका रांगेत."

"आणि शेवटी?"

"पांगलेली. रेंगाळणारे मागे."

"ताऱ्यांमधली जागा रिकामी नसते गं. तिथे सुटे इलेक्ट्रॉन (ऋण विद्युतभाराचे सूक्ष्म कण) असतात. त्यांच्यातून येताना कमी वारंवारतेच्या लहरी जास्त रेंगाळतात. याला अपस्करण म्हणतात. वाटेत जितके जास्त इलेक्ट्रॉन, तितकी पांगापांग जास्त."

मनवाने पडद्यावरची रेघ पुन्हा पाहिली. "म्हणजे या लहरी अजून रांगेतच आहेत... शिट्टी इथेच कुठेतरी वाजलीय?"

टिटवीने उताराखालच्या शेतात फोन लावला. "काकू, झटका मशीन मिनिटभर बंद करता का?" रानडुकरांना ठरावीक वेळाने हलका शॉक देऊन हुसकावणारं ते कुंपणाचं यंत्र.

टकटक थांबली. मनवाला रडूच फुटलं.

"आता तुझ्या बाबांना हे सांगायचं," टिटवी हळूच म्हणाली, "की नाही, ते मात्र तुझं तू ठरव."

तेवढ्यात आईचाच फोन. "जेवलीस का? अगं, बाबांनी सोसायटीत पेढेसुद्धा वाटले!"

बाकी काही न सांगता नुसतं "हो, जेवले" म्हटलं असतं तर? कुंपणाचं कुणाला कळणार होतं? मनवा म्हणाली, "आई, तो तारा नाहीये. शेताचं कुंपण आहे."

आईने फोन बाबांकडे दिला. मग बाबांचा आवाज. "मग क्लासला नाव घालू?"

"घाला हवं तर. पण संध्याकाळी मी काय बोलते ते ऐका आधी."

संध्याकाळी आई-बाबा पडद्यावरून ऐकत होते. मनवाचा आवाज कापत होता. "मला तारा सापडला नाही. पण तो तारा का नाही, हे मी दाखवू शकते." तिने मुलांची रांग काढली, पांगलेली मुलं काढली, इलेक्ट्रॉन काढले. बोलता बोलता आवाज कधी स्थिर झाला, तिला कळलंही नाही.

"एक विचारू का?" बाबा घसा खाकरत म्हणाले. "खऱ्या पल्सारची रेघ कशी दिसेल मग?"

मनवाने फळ्यावर एक तिरकी, वळत खाली उतरणारी रेघ ओढली. "अशी. रेंगाळणाऱ्या लहरी मागे."

बाबांनी ती रेघ समोरच्या कागदावर उतरवून घेतली.

"मग शोध की ती," ते म्हणाले. "सुट्टी अजून संपली नाहीये."