हळदीच्या फोटोतली नजर

फोटो काढणाऱ्या पोरीला एवढी तरी अक्कल हवी की नको? माझ्या रोहिणीच्या हळदीला, चाळीस बायकांसमोर, तिनं मलाच हाक मारली, "मावशी, खांबाआड काब्र उभ्या? पुढे या, लेकले हळद लावा!"

आमच्या कळसाडी गावात माझ्यापुढे कुणी मोठ्यानं खोकत नाही. पण मालक जाऊन नऊ वर्षं झाली... तशा बाईनं हळदीच्या वाटीला हात लावायचा नसतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी म्हटलं, "तू फोटो काढ. रीत आम्ही देखी लेसूत."

"मग रीतनाच फोटो काढस," म्हणाली, नि कॅमेरा डोळ्याला लावला.

लोणखेड्याची चेतना ती. तिचा दिवेवाला आला नव्हता, म्हणून फोटोचा दिवा धरायला माझा हेमकांत धावला. नवरीचा सख्खा भाऊ, शंभर कामं पडलेली, आणि हा दिवा धरून उभा!

"उजेड नवरीवर धरा. मन्हावर कसाले?"

"इकडे अंधारं व्हतं..."

"मांडवमा? भर दुपारले?"

बायका पदराआड हसल्या. मी नाही हसले.

लग्नानंतर आठव्या दिवशी अल्बमचे फोटो निवडायला ती लॅपटॉप घेऊन आली. हेमकांतनं तिला तीनदा पाणी विचारलं. मी दुसरीत शाळा सोडलेली, पण फोटो बघायला अक्षर थोडंच लागतं?

आणि बघते तर काय... प्रत्येक फोटोत मी! इथे खांबाआड अर्धा खांदा, तिथे दारामागून पदराचं टोक. मांडव घातला मी, लेक वाढवली मी, आणि तोंड कुठंच नाही. जन्मभर पाळलेली रीत त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली.

मग दुसरं दिसलं. साऱ्यांच्या नजरा नवरीवर, हेमकांतची मात्र सरळ समोर. मांडवात तशी, पंगतीत तशी. पाठवणीला अख्खं गाव रडतंय, तरी याचे डोळे तिथंच... कॅमेऱ्यामागच्या माणसावर. माझ्या पोराच्या तोंडावर एवढा उजेड मी कधी पाहिलाच नव्हता.

"याना असा फोटो कितला शेतस?"

"एकशे बारा," ती पटकन बोलली... आणि जीभ चावली. कान लाल झाले तिचे.

दारात हेमकांत. आठ दिवस ताटातल्या भाकरीशी खेळत का बसला होता, ते आता कळलं.

"माय... तू नही म्हनशी ते मी करस नही. पन मंग दुसरीसंगे लगनबी नही."

"तू गप बस!"

मी लॅपटॉप मिटला.

"चेतना, आईक. तुन्हा लगनमा फोटो काढाले दुसरं कोणी देखी ठेव. तू मांडवमा बसशी. आनि पहिली हळद तुले मी लावसू... कोणले काही बोलनं व्हई, ते मन्हा समोर येईसन बोली!"