चौकातली उत्तम हवा

"पाटी खोटी आहे," टिटवी म्हणाली.

अखंड बडबड करते म्हणून तिला सगळे टिटवी म्हणत. तिच्या धाकट्या भावाला दमा होता. चौकातल्या पाटीवर 'हवा उत्तम' असं हिरवं दिसलं तरच त्याला खेळायला सोडायचं, असा आईचा कायदा. सुट्टी लागल्यापासून पाटी रोज हिरवी होती. धाकटा रोज मैदानावर पळत होता, रोज जास्त खोकत होता आणि काल त्याला दवाखान्यात न्यावं लागलं.

तिचा चुलतभाऊ ढापण जाम चिडला. पाटीसाठी हवा मोजणारं यंत्र त्याचे बाबा सांभाळायचे. चौकात मात्र ट्रकांची रांग धूर ओकत होती, आणि डोळे चोळता चोळता त्याचीही खात्री डळमळली.

दोघांनी स्वयंपाकघरातून मेणबत्ती लांबवली आणि सुट्टीतला प्रकल्प आहे अशी थाप मारून दोघं काकांबरोबर यंत्राच्या खोलीत शिरले. काका खुलले. धूळ कोणीही मोजेल, ते म्हणाले; धुरातले हे कण इतके बारीक, की यंत्रालाही दिसत नाहीत. त्यांच्यावर स्पिरिटची वाफ बसवायची, मग ते फुगतात आणि मोजता येतात.

तेवढ्यात काकांना फोन आला. ढापण बाहेर सटकला. त्याने मेणबत्ती पेटवून विझवली आणि तिचा धूर हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी धरला. टिटवी आत पडद्यावर नजर लावून बसली. आकडा ढिम्म हलला नाही.

"काका, नळीत धूर जातोय. आकडा बघा."

काकांनी फोन ठेवला, यंत्राचं झाकण उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. स्पिरिटची बाटली कोरडी ठणठणीत! आज भरू, उद्या भरू करत त्यांनी सगळी सुट्टी घालवली होती. आकडा वाढला असता तर वरून दहा फोन आले असते. चांगल्या आकड्याची चौकशी कोण करतो?

"भरतो लगेच," ते पुटपुटले. "घरी बोलू नका."

ढापणने चष्मा काढून पुसला. "बाबा, काल धाकटा निळा पडला होता. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो."

काकांनी घरी सांगितलं आणि कचेरीतही कळवलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या मोठ्या बाई स्वतः आल्या. अशी चौकस मुलं हवीत, असं म्हणून त्यांनी दोघांची पाठ थोपटली, फोटो काढला आणि गाडीत बसून निघून गेल्या. बाटली भरली, पाटी लाल झाली. ट्रक होते तिथेच राहिले.

आईने घराच्या खिडक्या लावून घेतल्या. दवाखान्यातून आलेला धाकटा काचेला नाक लावून मैदानाकडे बघत होता.

"ताई, आता मी कधी खेळायला जायचं?"

"पाटी हिरवी झाली की."

"ती होती की हिरवी. तुम्हीच लाल केलीत."

टिटवीला त्याचा राग आला नाही. पाठीवरच्या त्या शाबासकीचा मात्र आला.