खडक फोडणारं पाणी

त्याच्या घोडीनं माझी बादली लाथाडली, तिथून आमचं भांडण जुंपलं.

“मॅडम, यात विष असलं तर?” बेक्झातनं लगाम खेचत विचारलं. कसले डोळे होते... रागीट, आणि मेले देखणे! झारकेंतच्या त्या डोंगरात आमचा बोअर होता. खोलवरचा तापलेला खडक फोडायचा, वाफ काढायची, वीज करायची. पण खाली बेक्झातच्या घरच्यांचा झरा. घरच्या साऱ्या घोड्या त्यावरच जगायच्या.

“विष नाही, ॲसिडही नाही. मार फुंक!” बादलीत उरलेला, खडक फोडायचा द्रव पेल्यात ओतून मी नळी पुढे केली.

“तू काय मांत्रिक आहेस?”

“केमिस्ट. घाबरलास?”

त्यानं फुंक मारली. पाण्यासारखा पातळ द्रव डोळ्यांदेखत दाटला... फुगत गेला.

“या अल्ला!”

“श्वासातला वायू लागला की फुगतो. खाली द्रवामागून हाच वायू सोडायचा, की खडकाला भेगा. दाब काढला की पुन्हा पातळ — वर घ्यायचा, परत वापरायचा.”

“डोंगराच्या पोटात असलं काही...” तो पुटपुटला. आणि बघत होता माझ्याकडे! मी लाजले, काय करणार?

मग तो रोजच येऊ लागला. विचारायचा खडकाबद्दल, हसायचा मला बघून. पण त्याच्या आईंनी, कुल्याश आपांनी, बजावलं होतं, “झरा नासला, तर ती पोरगी या घरात येणार नाही.”

खडक फोडला, तेव्हा पायाखालची जमीन हलकेच शहारली. त्यानंतर कितीतरी आठवडे मी झऱ्याचं पाणी तपासलं. स्वच्छ होतं. आपा म्हणाल्या, “तुझे कागद राहू देत. घोडी काय म्हणते बघू.”

अख्खा गाव जमला. घोडीनं पाणी हुंगलं... आणि मान वर केली.

तेवढ्यात बोअर गरजला! वाफेचा पांढराशुभ्र खांब आभाळात चढला — उंच, आणखी उंच. सगळे आ वासून बघत राहिले. माझे तर डोळेच भरून आले. आपा तेवढ्या घोडीकडे बघत होत्या. घोडी खुशाल पाणी पीत होती.

आपा माझ्यापाशी आल्या. स्वतःच्या कानांतले चांदीचे डूल काढून त्यांनी माझ्या कानांत घातले. बायकांनी एकच गलका केला — मागणी घातली!

“आई! अगं, मी तिला अजून विचारलंच नाहीये!”

“तुझ्या भरवशावर राहिले, तर नातवंडं दिसायची नाहीत मला. विचार आता!”

बेक्झात लालबुंद झाला. “कोरलान... तू... म्हणजे मी...”

“हो,” मी म्हटलं.