टोपलीत उरलेले दोन जोड

"टोपलीत चप्पल म्हणजे माणूस बोटीवर! खाली उतरायचं तर पायात घालूनच उतरायचं, परत आलं की टोपलीत टाकायची. आम्ही डोकी मोजत नाही बरं का, जोड मोजतो. डोकी हलतात!"

शिडाच्या बोटीवरच्या काकूंनी हे तिला दोनदा बजावलं होतं. पहिल्यांदा ती फोनवर आपल्या आईला सांगत होती, लेकीला दूध कोमटच दे आणि खिडकीची कडी लाव. दुसऱ्यांदा ती आपल्या टाचेवरचा फोड बघत होती. दोन्ही वेळा तिनं "हो, हो" म्हणून मान हलवली. एरवी औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी बाई ती! लेकीला पंख्याखाली झोपवायचं तरी आधी मान वर करून पंखा नीट बसवलाय ना ते बघणारी. पण नेमकी हीच सूचना तिनं कानाआड केली.

मोहीम तशी साधीच होती. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दूर समुद्रात एक पांढरा दीपस्तंभ दिसायचा. नवऱ्याच्या बदलीमुळे ती या शहरात आली, तेव्हापासून ओट्यापाशी उभं राहिलं की समोर तोच. नवरा सतत दौऱ्यावर. शेजारच्या दारांवर नावांच्या पाट्या होत्या, पण माणसं दिसायची ती लिफ्टचं दार बंद होता होता, तेवढीच. दिवसभरात तिच्याशी बोलणारं माणूस एकच, तेही तीन वर्षांचं. एका जागी ठरत नाही म्हणून तिचं लाडाचं नाव भिंगरी.

या भिंगरीनं एकदा जेवता जेवता विचारलं, "आई, तिथे कोण राहतं?"

"माहीत नाही गं."

"एकटंच राहतं?"

तिनं खिडकीबाहेर बघितलं. "मी जाऊन बघीन आणि तुला सांगीन," ती म्हणाली. आणि तीन वर्षांच्या पोरीला शब्द देणं म्हणजे वाघावर स्वार होणं, उतरायची सोय नाही. रोज सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "बघून आलीस?"

शेवटी तिची आई चार दिवस राहायला आली, तेव्हा आईनंच तिला दाराबाहेर ढकललं. "जा! वारा लागू दे अंगाला. आणि माझी काळजी नको, तुला वाढवलंय मी. हातपाय जागच्या जागी आहेत ना तुझे?"

धक्क्यावर पोचली तर बोटींच्या पाट्यांनी डोकं भणभणायची वेळ. तीन मजली बोटीचा माणूस कर्ण्यातून ओरडत होता, "संगीत, नाच, जेवण! समुद्र फुकट!" शेजारी काचेच्या तळाची बोट होती. त्यात वाकून मासे बघायचे. तिनं दोघांनाही तेच विचारलं, "दीपस्तंभाशी थांबता का?"

"तिथे काय आहे बघायला?" तीन मजलीवाला म्हणाला. "लांबून दाखवतो की! हात करा, तोही करेल!"

धक्क्याच्या अगदी टोकाला एक म्हातारी शिडाची बोट डुलत होती. सुकाणूवर एक अबोल कप्तान, आणि दोर, चहा, माणसं हे सगळं सांभाळणारी त्याची बायको, म्हणजे काकू. ही बोट ओहोटीच्या वेळी दीपस्तंभाजवळ थांबायची. तिथे वाळूचा एक पट्टा उघडा पडायचा, त्यावर लोक हिंडायचे, आणि भरती लागायच्या आत परत.

तिनं प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. जीवरक्षक जाकिटं सगळ्यांना पुरतील का? इंजिन आहे का? वारा फिरला तर? काकूंनी एकेक उत्तर दिलं आणि शेवटी हसून म्हणाल्या, "ताई, तुम्ही बोट विकत घेताय का फिरायला येताय?"

ती चढली. फोन आणि पिशवी काकूंनी कोरड्या पेटीत ठेवायला लावली. बोटीवर एका कचेरीतली गाणारी टोळी होती, एकमेकांचे फोटो काढून न दमणारं एक जोडपं होतं, आणि गवती हॅट घातलेले एक आजोबा, एकटेच. शिडानं वारा धरला, दोर कुरकुरले आणि शहर मागे सरकू लागलं. तिनं वळून आपली खिडकी शोधली. इतक्या खिडक्यांत ती कुठली, ते कळेना. कचेरीवाल्यांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावलं. तिनंही वाजवल्या, पण त्यांची नजर तिच्यावरून अशी घसरत होती जशी रिकाम्या खुर्चीवरून घसरते.

बोट नांगरली. नवी चप्पल टाचेला चावत होती आणि समोर मऊ ओली वाळू होती. कशाला पायांचे हाल? ती चप्पल टोपलीतच ठेवून अनवाणी उतरली.

वाळूत तिला एक अखंड शंख सापडला, मुठीएवढा, आतून गुलाबी. भिंगरीसाठी! तिनं तो ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधला. मग मान वर केली, तर दीपस्तंभ समोरच. काळ्या खडकावर उभा, उंच, आणि खिडकीतून दिसायचा त्याहून कितीतरी मळका. खडक आणि वाळू यांच्यामध्ये पाण्याची एक अरुंद पट्टी होती, घोटाभर खोल. आणि हॅटवाले आजोबा ती पट्टी ओलांडून खडकामागे दिसेनासे होत होते.

ती तिथेच थबकली. काळजी करायची सवय जडली की ती परक्या माणसाचीही होते. म्हातारा माणूस, शेवाळलेला खडक, आणि बरोबर कुणी नाही! तेवढ्यात वाऱ्यानं तोंड फिरवलं. पश्चिमेकडून काळपट ढग उठला. कप्तानाची शिट्टी वाजली. लोक लगबगीनं बोटीकडे निघाले.

आजोबा मात्र परत येईनात.

ती धावली. पाणी आता पोटऱ्यांना लागत होतं. खडकाला वळसा घालून बघते तर आजोबा एका सपाट दगडावर निवांत बसलेले. तेही अनवाणी!

"अहो आजोबा! शिट्टी ऐकली नाहीत का?"

"ऐकली."

"मग?"

"दर वर्षी आम्ही दोघं यायचो," आजोबा समुद्राकडे बघत म्हणाले. "शिट्टी झाली की ती हाक मारायची, 'चला, का इथेच संसार थाटताय?' या वर्षी ती नाही. म्हटलं, बघू, कोण हाक मारतंय."

"आणि चप्पल?"

"टोपलीत. मुद्दाम." ते ओशाळं हसले. "माणसं जोड बघतात, बाई. माणूस बघत नाहीत."

तिनं आपल्या अनवाणी पायांकडे बघितलं. जोड! तिचाही जोड टोपलीतच होता!

ती उलटी पळाली. खडकाच्या कडेला येऊन पाहते तर शीड फुगलेलं आणि बोट निघालेली! "थांबा! ओ काकू! थांबाऽऽ!" वाऱ्यानं तिची हाक तिच्याच तोंडावर परत आपटली. बोटीवरचं गाणं तेवढं पुसट ऐकू आलं. फोन तर पेटीत, बोटीबरोबरच चाललेला. कुणी वळून बघितलं नाही. का बघावं? जोडप्यानं आपल्या जोडीदाराला शोधलं असेल, टोळीनं टोळीवाल्यांना. तिला शोधणारं त्या बोटीवर कोण होतं?

आजोबा मागे येऊन उभे राहिले. बोट लहान होत गेली तशी त्यांच्या चेहऱ्यावरची गंमत उतरली. "तुम्ही... तुम्ही पण?"

"माझी मुलगी तीन वर्षांची आहे!" ती किंचाळली. "तीन वर्षांची! कळतंय का तुम्हाला? तुम्हाला हाक हवी होती ना? ही घ्या! मारली! आता हला!"

आणि आजोबा हलले.

वाळूचा पट्टा बघता बघता गिळला गेला. पाणी आता सपाट दगडावर चढत होतं. वाचायची जागा एकच. स्तंभाच्या पायथ्याचा, डोक्याच्या बराच वर असलेला कट्टा. तिथवर खडकात ठोकलेल्या लोखंडी कड्या होत्या. खालच्या कड्या गंजून झडलेल्या!

"तुम्ही आधी," आजोबा म्हणाले.

"मी वर गेले की तुम्ही इथेच बसाल. ओळखलंय मी तुम्हाला. चढा!"

तिनं खडकाला पाठ टेकली, हातांची ओंजळ करून त्यांचा पाय घेतला आणि सगळा जीव एकवटून वर लोटलं. आजोबांचा हात कडीला पोचला. कडी वाजली. टिकली! ते इंच इंच वर सरकू लागले. मागून लाट आली. कमरेपर्यंत! दुसरी. छातीपर्यंत! तिची बोटं कडीवर घट्ट बसली, तळपाय धारदार शिंपल्यांवर फाटले. खारं पाणी जखमेत शिरलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. एक कडी. दुसरी. तिसरी हातातच निघाली! ती एका हातावर लोंबकळली. खाली पांढरा फेस घोंघावत होता.

"ओढणी टाका! वर टाका!"

तिनं शंखाची गाठ दातांत धरली आणि दुसरं टोक भिरकावलं, मग मोकळ्या हातानं ओढणी घट्ट पकडली. आजोबांनी ते मनगटाला दोन वेढे देऊन ओढलं. म्हातारे हात सुटले नाहीत. ती कट्ट्यावर कोसळली. बराच वेळ दोघंही नुसते धापा टाकत राहिले.

मग ती उठून स्तंभाच्या दाराशी गेली. दाराला कुलूप होतं, गंजून चौकटीशी एकजीव झालेलं. झडपेतून आत डोकावली तर वायरी, बॅटऱ्या आणि धूळ. कुणी राहत नव्हतं. कितीतरी वर्षांत राहिलं नव्हतं.

ढग उतरणीला लागला होता आणि त्याच्या फटीतून मावळतं ऊन शहरावर पडलं होतं. दूरवर इमारतींची रांग, तिच्यात काडेपेटीएवढ्या खिडक्या, आणि त्यांतल्या कुठल्याशा एका खिडकीशी स्टुलावर उभी राहून भिंगरी याच स्तंभाकडे बघत असेल. तिनं नुसताच हात हलवला. रोज ओट्याशी उभी राहून ती इथे बघायची आणि म्हणायची, तिथे दिवा आहे म्हणजे सगळं ठीकच असणार. आता डोक्यावरचा दिवा आपोआप लागला, गोल फिरू लागला. शहरातून बघणाऱ्याला तो रोजच्यासारखाच दिसत असणार.

"माफ करा," आजोबा हळूच म्हणाले. "मला वाटलं होतं, माझ्याशिवाय कुणाचं काही बिघडणार नाही."

"बिघडलं ना? बघा किती बिघडलं!" ती म्हणाली आणि तिला हसू फुटलं. मग रडू. आजोबांनी डोक्यावरची हॅट काढली, ओली कच्च झालेली, आणि तिच्या डोक्यावर ठेवली. दुसरं द्यायला त्यांच्यापाशी काही नव्हतं.

तिकडे धक्क्यावर जो तो टोपलीतून आपापली चप्पल घेऊन पांगला होता. काकू टोपली उलटी करून झटकायला गेल्या, आणि आतून दोन जोड पडले. टाचेशी रक्ताचा डाग असलेली एक नवी चप्पल. आणि शिवून शिवून जुना झालेला एक पुरुषी जोड. काकूंच्या हातून टोपली सुटली. "अहो! वळवा! बोट वळवा!"

इंजिनाचा आवाज आधी ऐकू आला, मग दिवा दिसला. ती ओढणी उंच धरून नाचवू लागली. आजोबाही घसा फाटेस्तो ओरडले. हाक मारायची पाळी आता त्यांची होती!

बोट आली, पण खडकाला चिकटेना. लाटा तिला आदळवायला टपल्या होत्या. कप्तानानं दोर फेकला. हुकला. पुन्हा फेकला. तिनं धरला! आता दोर कमरेला बांधून खालच्या कडीपर्यंत उतरायचं आणि लाटेनं बोट उचलली की उडी. दोन्ही हात मोकळे हवेत. ओढणीही हवी, आजोबांना कमरेला दोर पुरेसा आवळता येत नव्हता, वरून आणखी एक वेढा घालावा लागणार होता. तिनं गाठ सोडली. शंख हातात घेऊन क्षणभर बघितला. मग तो दारापाशी, उंबऱ्यावर ठेवला.

"उडी! आत्ता!" कप्तान पहिल्यांदाच ओरडला. आजोबा गेले. काकूंनी त्यांना खांद्याला धरून आत ओढलं. दोर परत आला. लाट उठली. तिनं डोळे मिटले नाहीत. उडी!

ती फळ्यांवर पडली तेव्हा काकूंनी आधी तिला पोटाशी धरलं आणि मग पाठीत एक दणका घातला. "दोनदा सांगितलं होतं ना गं! दोनदा!" रडत होत्या त्या काकूच.

घरी पोचली तर भिंगरी आजीच्या मांडीवर पेंगत होती. तरी प्रश्न तयार. "बघून आलीस?"

"आले."

"कोण राहतं?"

"एक शंख. गुलाबी."

"एकटाच?"

"हो," ती म्हणाली. "पण त्याला भेटून आले मी."

त्या बोटीवर आता उतरताना आणि चढताना नावानं हाक मारतात. आजोबा पुढे तिच्याकडे येऊ लागले. भिंगरीच्या हातचा खोटा खोटा चहा पिऊन साखर कमी आहे म्हणून तक्रार करायचे. मग नवऱ्याची पुन्हा बदली झाली. नवं शहर, नवी बंद दारं, आणि खिडकीत समुद्र नाही. ती फोन करते. आजोबा म्हणतात, "मजेत!" पण हल्ली फोन उशिरा उचलतात, आणि परवापासून उचललेलाच नाही. काकूंचा नंबर लागत नाही. बोट दुरुस्तीला गेली असेल. तिनं गाडीचं तिकीट काढलंय, पण पोचायला वेळ लागेल.

म्हणून, तुमच्या गावाला समुद्र असेल, धक्का असेल आणि धक्क्यामागच्या एखाद्या जिन्यावरच्या खोलीत एकटं राहणारं असं कुणी असेल, तर आज जाऊन बेल वाजवाल? ते लगेच उघडणार नाहीत, गुडघे दुखतात. थांबा. हाक मारा, मोठ्यानं. आणि दाराबाहेर चप्पल दिसली, तर माणूस आत सुखरूप आहे असं समजून तेवढं परत फिरू नका.