हिरवा अ‍ॅक्सल

तो हिरवा रंग मी हजारात ओळखला असता. स्वयंपाकघरातली कपाटं रंगवून उरलेला डबा बाबांनी आमच्या जुन्या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलला, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याला, फासला होता, लोखंड गंजू नये म्हणून. बाबा गेल्यावर भावानं ती गाडी कुणाला तरी सुट्या भागांसाठी विकून टाकली. आणि आज, वर्क्सवर्थ गावच्या चढणीवर, एका उघड्या शेडमध्ये, भलत्याच गाडीच्या सांगाड्याखाली तो अ‍ॅक्सल! पाऊस भुरभुरत होता आणि मी छत्री विसरून सरळ आत शिरले.

"हे आमचं आहे!"

सांगाड्यामागून एक डोकं वर आलं. केसांत लोखंडाचा भुगा, कानामागे खडू. "शेड माझी, पाऊस देवाचा. तुमचं नेमकं काय?"

मी बोट दाखवलं, बाबांचं सांगितलं... आणि त्याची थट्टा जागच्या जागी थांबली. हात पुसून त्यानं चहा ओतला, बिस्किटांचा डबा पुढे केला. नाव कॅलम. शाळेत गणित शिकवायचा आणि सुट्टीत ही दोन सीटची स्पोर्ट्स कार स्वतःच्या हातानं बांधायचा. "वाटेल तेव्हा बघायला या," तो म्हणाला. वाटायला काय, मला पुढच्याच शनिवारी वाटलं. मग दर शनिवारी वाटायला लागलं. मी नटबोल्टचे पाने द्यायचे, तो चुकीचा पाना मागायचा, आणि दिलेला परत करताना उगीच वेळ लावायचा.

एका शनिवारी मात्र तो नजर चुकवत होता. गाडी स्टँडवरून उतरवून अंगणात आणली होती.

"रोवेना... पुढच्या दोन चाकांत जेवढं अंतर, तेवढंच मागच्या दोन चाकांत हवं. मागची चाकं दोन बोटं जास्त पसरलीत. ती पुढच्यांच्या ओळीत नाहीत, तपासणीत गाडी नापास होईल."

"मग?"

"अ‍ॅक्सल कापून आखूड करायचा. वेल्डर दुपारी येतोय."

"तुझी गाडी आहे. काप," मी म्हणाले. बोलले शहाण्यासारखं, पण मनातून पटलं नव्हतं. बाबांच्या हातचं मला दुसरं काही उरलं नव्हतं. मी गाडीत चढले, शेजारच्या सीटवर बसले आणि हाताची घडी घातली.

"उतर ना."

"वेल्डरला सांग, माझ्यासकट काप."

तो गेला. रुसला वाटतं, म्हणेपर्यंत चहाचे दोन मग घेऊन आला आणि स्टिअरिंगमागे बसला. गाडी जराशी खाली दबली. आम्ही दोघं समोरच्या ओल्या टेकडीकडे बघत राहिलो. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता. त्यानं काढला नाही, मीही नाही.

अचानक तो बाहेर वाकला. मागच्या टायरला लागून पुढपर्यंत त्यानं मोजमापासाठी आधीच सुतळी ताणली होती, गाडीलाच बांधलेली. सुतळी आणि पुढचं चाक यांतली फट तो निरखत होता.

"ही फट एवढीशी कशी झाली?... अरे देवा! मी गाडी स्टँडवर असताना मोजलं!"

"म्हणजे?"

"चाकं हवेत लोंबकळत होती. मागची एका दांड्यावर, त्यांना फरक पडत नाही. पुढची मात्र लोंबकळली की आत ओढली जातात. आता जमिनीवर आली, वर आपण दोघं बसलो, तशी पसरली!"

"आणि म्हणे गणिताचा मास्तर!"

"हस, हस. तुझं वजन किती गं?"

"परत विचारलंस तर उतरेन."

"नको! हलू नकोस!"

तो टेप घेऊन खाली उतरला, गुडघ्यांवर बसून मोजू लागला. "उरलेल्या फटीसाठी पुढच्या चाकांमागे एकेक पातळ चकती घातली की झालं. कापायचं नाही काही." मग वेल्डरला फोन करून येऊ नको म्हणाला आणि तसाच बसून राहिला, टेप हातात गुंडाळत.

"खरं सांगू? अ‍ॅक्सल कापला तर तू परत यायची नाहीस... गाडी नापास होण्यापेक्षा मला त्याचीच भीती वाटत होती."

"अ‍ॅक्सलसाठी मी पहिल्या शनिवारी आले होते," मी म्हणाले. "पुढचे सगळे शनिवार तुझ्यासाठी."

त्याचे कान लालबुंद झाले. माझेही झाले असणार.

"तुला बसवून मोजलंय," तो हळूच म्हणाला. "आता या सीटवर दुसरं कुणी बसलं तर..."

"बसवून तर बघ!" मी म्हणाले, आणि त्याचा खडूनं पांढरा झालेला हात हातात घेतला.