बंद वॉर्डातलं कनेक्शन

भुतांना रात्रच लागते असा एक समज आहे. हे घडलं ते भर दुपारी, हॉस्पिटलच्या तळघरात, सर्व्हरच्या खोलीत. खोलीला खिडकी नाही. पंख्यांची अखंड घरघर आणि तापलेल्या धुळीचा वास.

हॉस्पिटलचा डेटाबेस सांभाळणाऱ्या बाईला सगळे तिजोरीवाली म्हणत. आदल्याच दिवशी जुन्या मशीनवरची माहिती नव्या मशीनवर आली होती, एकही एरर न येता. बाई खुशीत होती. तेवढ्यात वरून फोन आला. तिची मावशी जिन्यावरून पडली होती, बेशुद्ध होती आणि तिला लगेच ऑपरेशनला न्यायचं होतं.

आईमागे याच मावशीने तिला लहानाचं मोठं केलं होतं. मागच्या ऑपरेशनला भुलीच्या कुठल्याशा औषधाने मावशी मरता मरता वाचली होती. औषधाचं नाव तिला आठवेना, पण नोंद इथेच होती. तिने मावशीचा पेशंट नंबर टाकला. ॲलर्जीचा रकाना कोरा. थिएटरमध्येही हाच कोरा रकाना दिसणार होता, आणि तिथला फोन एंगेज.

दाराशी बसलेल्या म्हाताऱ्या शिपायाला ती म्हणाली, "शिपाईमामा, पळा. डॉक्टरांना म्हणावं, भूल देऊ नका."

"जातो बाई. गुडघे म्हणतील तसा."

डेटाबेसला या क्षणी कोण काय विचारतंय ते तिने स्क्रीनवर घेतलं. एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटत होती. मावशीचाच नंबर, पण त्यातली इंग्रजी अक्षरं छोटी. विचारणारं मशीन जुन्या वॉर्डातलं. तो वॉर्ड कधीचाच बंद होता, तिथली वीजसुद्धा तोडलेली.

"मोठ्या सिस्टर...?" ती पुटपुटली.

जुन्या वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर सगळ्या ॲलर्जी स्वतः नोंदवायच्या, एका बोटाने, छोट्या अक्षरांत. 'मोठी अक्षरं लिहून मशीनला कसला मान द्यायचा?' म्हणायच्या. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं.

अंगावर काटा आला, पण डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन अक्षरं एक मानायची की वेगळी, हे डेटाबेसमध्ये कोलेशन नावाचा नियम ठरवतो. जुन्या मशीनला छोटं-मोठं एकच होतं. नवं मशीन बसवणाऱ्याने नियम कडक ठेवला होता. छोट्या अक्षरांतली नोंद हरवली नव्हती, मोठ्या अक्षरांतला नंबर तिला फक्त ओळख देत नव्हता.

नियम बदलायची कमांड तिने दिली. मशीनने नकार दिला, नोंदींचं टेबल वापरात होतं. ते वापरणाऱ्या एकेकाचं कनेक्शन तिने तोडलं. शेवटी एकच कनेक्शन उरलं, बंद वॉर्डातलं. तेही तोडता आलं असतं, पण हात धजेना.

"सिस्टर... हात काढा जरा. आता मी बघते."

खोलीत स्पिरिटचा वास दरवळला. ओळ नाहीशी झाली.

कमांड चालली. तिने मावशीचा नंबर पुन्हा टाकला आणि औषधाचं नाव लाल अक्षरांत झळकलं. एकट्या मावशीचीच नाही, हजारो पेशंटच्या नोंदी आपापल्या माणसाला येऊन मिळाल्या. तिजोरीवाली एकटीच टाळ्या पिटत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. जिंकल्याचा असा आनंद तिला कधी झाला नव्हता.

मामा धापा टाकत परतले. "मी पोचेपर्यंत थिएटरचं दार लागलं होतं, बाई."

तिचा आनंद जागच्या जागी गोठला. तासाभराने भूलतज्ज्ञांचा फोन आला.

"मावशी छान आहेत. दुसरं औषध दिलं. पण तुमच्या सिस्टर भलत्याच कडक हं. लाल अक्षरं येईपर्यंत दारात आडव्या. स्ट्रेचर हलू दिलं नाही."

"कुठल्या सिस्टर...?"

"त्या वयस्कर. अजून इथेच आहेत. आता पुढच्या पेशंटचं स्ट्रेचर धरून उभ्या आहेत... सोडतच नाहीत. माझ्या स्क्रीनवर तर सगळं ठीक दिसतंय. तुमच्याकडे काही राहिलंय का?"

तिने त्या पेशंटचा नंबर विचारून स्क्रीनवर टाकला. तिच्याकडेही सगळं ठीकच दिसत होतं. ॲलर्जीचा रकाना कोरा.